थांबलेल्या विमानांचे गाव

प्रवासाची साधने आणि माणसांच्या ओळखी यांचा संबंध तपासू लागल्यास विमान हे सर्वांत कंजूष वाहन ठरते. रेल्वेच्या डब्यात बाके समोरासमोर असतात, जेवणाचे डबे उघडले की लोणच्याची फोड शेजाऱ्याकडे सरकते, आणि पुढचे स्टेशन कोणते या प्रश्नावरूनही नातेवाइकांपर्यंत पोचता येते. कोकण किनाऱ्यावर चालणाऱ्या जुन्या आगबोटींवर तर डेकवर वळकटी पसरून काढलेल्या एका रात्रीत गावोगावची खबरबात कळत असे. विमानात मात्र सगळी आसने एकाच दिशेला तोंड करून असतात, समोर दिसते ती दुसऱ्याच्या आसनाची पाठ, अन्न प्रत्येकाच्या स्वतंत्र तबकात येते, आणि विमान जमिनीला टेकल्यावर दहा तास खांद्याला खांदा लावून बसलेली माणसे सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशी एकमेकांना ओळखही न दाखवता पांगतात.

तरीही शेजारच्या आसनावरील अनोळखी माणसापाशी मन मोकळे केल्याचा अनुभव पुष्कळ प्रवासी सांगतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी 1908 साली ‘परका माणूस’ या विषयावर केलेल्या विवेचनात याचे एक कारण सापडते. परका म्हणजे दूरचा माणूस नव्हे, तर जवळ असूनही त्या समाजाच्या देण्याघेण्यात आणि हेव्यादाव्यांत न अडकलेला माणूस. म्हणूनच घरच्यांपासून राखलेल्या गोष्टी त्याला सांगितल्या जातात, असे झिमेल यांचे निरीक्षण आहे. परंतु ही मोकळीक पुन्हा भेट होणार नाही या खात्रीवर उभी असते, त्यामुळे तिच्यातून टिकाऊ मैत्री निर्माण होणे अवघड जाते. विमानप्रवासातून जन्मलेल्या ज्या मैत्री वर्षानुवर्षे टिकल्याचे ठाऊक आहे, त्यांच्यातील पुष्कळशा उडत्या विमानात नव्हे, तर अडकून पडलेल्या विमानामुळे जुळलेल्या आहेत. याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत तपशिलाने नोंदले गेलेले उदाहरण म्हणजे कॅनडातील गँडर या छोट्या शहरात सप्टेंबर 2001 मध्ये घडलेले पाच दिवस होत.

गँडर हे न्यूफाउंडलँड बेटावर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे युरोप आणि उत्तर अमेरिका यांना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर दिसतो तसा सरळ नसून उत्तरेकडे वाकलेला असतो, आणि युरोपकडून येताना त्या वाकलेल्या मार्गावर अमेरिका खंडाची जी पहिली मोठी भूमी लागते ती न्यूफाउंडलँडची. जून 1919 मध्ये अल्कॉक आणि ब्राउन या वैमानिकांनी अटलांटिक महासागर विमानाने कुठेही न थांबता प्रथमच ओलांडला, तेव्हा त्यांनी उड्डाण केले ते याच बेटावरून. पुढे 1936 साली तेथील जंगलात, रेल्वेमार्गालगत, विमानतळाचे काम सुरू झाले आणि जानेवारी 1938 मध्ये पहिले विमान उतरले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका-कॅनडातून ब्रिटनकडे नेली जाणारी लष्करी विमाने येथूनच महासागरावर झेप घेत. युद्धानंतर प्रवासी विमाने इंधन भरण्यासाठी येथे थांबू लागली, कारण त्या काळच्या पंख्याच्या विमानांना एका टप्प्यात महासागर पार करणे परवडत नव्हते. न्यूफाउंडलँड कॅनडात सामील झाले ते 1949 साली. म्हणजे हा विमानतळ त्या प्रदेशाच्या कॅनडाशी असलेल्या नात्यापेक्षा जुना आहे.

विमानतळासाठी गाव वसले, गावासाठी विमानतळ नव्हे, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. गँडरच्या रस्त्यांना लिंडबर्ग, एअरहार्ट, अल्कॉक अशी वैमानिकांची नावे आहेत. 1959 साली तेथे आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी नव्या धर्तीचे दिमाखदार दालन बांधले गेले आणि राणी एलिझाबेथ यांनी त्याचे उद्‌घाटन केले. पण नेमक्या त्याच सुमारास लांब पल्ल्याची जेट विमाने आली, ती गँडरवरून न थांबता जाऊ लागली आणि दालन ओस पडत गेले. उरली ती एका छोट्या शहराच्या मानाने फारच लांबरुंद अशी धावपट्टी, आणि महासागरावरील वाहतुकीवर लक्ष ठेवणारे नियंत्रण केंद्र. शीतयुद्धाच्या काळात पूर्व युरोप आणि क्यूबा यांच्यामधील विमाने इंधनासाठी येथे थांबत, आणि त्या थांब्यात विमानातून उतरून आश्रय मागणारे प्रवासी ही गँडरच्या लोकांना परिचित असलेली गोष्ट होती.

11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथे अपहृत विमानांनी हल्ले झाल्यावर अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने तेथील वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास आपले सर्व आकाश नागरी विमानांसाठी बंद केले. त्या घटकेला युरोपातून निघालेली शेकडो विमाने अटलांटिकवर होती. सकाळी युरोप सोडून दुपारी अमेरिकेत पोचणाऱ्या विमानांची ती नेहमीची वेळ. ज्यांनी अर्धी वाट ओलांडली नव्हती त्यांना परत जाता येत होते, परंतु पुढे आलेल्यांपाशी परतीपुरते इंधन नव्हते. कॅनडाचे वाहतूकमंत्री डेव्हिड कॉलेनेट यांच्या खात्याने ही विमाने उतरवून घेण्याची मोहीम हाती घेतली आणि तिला ‘ऑपरेशन यलो रिबन’ असे नाव मिळाले. विमानांमध्ये आणखी अपहरणकर्ते असण्याची शक्यता कोणालाच नाकारता येत नव्हती, त्यामुळे ती मोठ्या शहरांऐवजी शक्यतो पूर्व किनाऱ्यावरील विमानतळांवर उतरवण्यात आली. दोनशेहून अधिक विमाने कॅनडातील सतरा विमानतळांवर उतरली. त्यांपैकी 38 प्रवासी विमाने आणि साडेसहा हजारांहून अधिक माणसे गँडरच्या वाट्याला आली. गँडरची लोकसंख्या तेव्हा दहा हजारांच्या आसपास होती.

उतरलेल्या प्रवाशांना प्रथम विमानातच बसून राहावे लागले, काहींना चोवीस तासांहूनही अधिक. प्रत्येक प्रवाशाची तपासणी व्हायची होती, मोठे सामान सुरक्षेच्या कारणास्तव विमानाच्या पोटातच राहणार होते, आणि मोबाइल फोन आजच्याइतके सर्रास नसल्यामुळे बाहेर काय घडले याची माहिती तुकड्यातुकड्यांनी पोचत होती. अमेरिकन एअरलाइन्सच्या पॅरिसहून डॅलसला निघालेल्या विमानाच्या कप्तान बेव्हर्ली बास या त्या कंपनीच्या पहिल्या महिला कप्तान होत. त्यांचे विमान गँडरला उतरलेल्या अडतीसांपैकी छत्तिसावे होते. अशा विमानात बसलेल्यांना खिडकीतून दिसत होती ती एकमेकांना खेटून उभी असलेली जगभरच्या कंपन्यांची मोठाली विमाने आणि पलीकडे सूचिपर्णी झाडांचे रान.

शहराच्या बाजूने त्याच काही तासांत जे घडले त्याला केवळ भलेपणा म्हणणे अपुरे ठरेल, कारण त्यामागे व्यवस्था होती. विमान अपघाताच्या प्रसंगी काय करायचे याची आखणी विमानतळाच्या गावापाशी असतेच, आणि डिसेंबर 1985 मध्ये येथून उड्डाण करताच कोसळलेल्या अमेरिकी सैनिकांच्या विमानात 256 माणसे मरण पावली होती, ती आठवणही ताजी होती. महापौर क्लॉड एलियट यांनी आणीबाणी जाहीर केली. शाळेच्या बसचालकांचा संप चालू होता; त्यांनी निदर्शनांचे फलक खाली ठेवले आणि प्रवाशांची ने-आण सुरू केली. हॉटेलांतील खोल्या वैमानिक आणि कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवल्या गेल्या, कारण विमाने पुन्हा उडवायची तर त्यांची झोप होणे आवश्यक होते. प्रवाशांची सोय शाळा, चर्च, महाविद्यालय, माजी सैनिकांचे सभागृह आणि गँडरबाहेरच्या लुइसपोर्ट, गॅम्बो, ॲपलटन, ग्लेनवूड यांसारख्या वस्त्यांमध्ये झाली. घरोघरून शिजवून आलेले अन्न इतके साठले की बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीच्या बंदिस्त मैदानाचा उपयोग शीतगृह म्हणून करण्यात आला. औषधविक्रेत्यांनी सामानात अडकलेल्या गोळ्यांच्या जागी नव्या गोळ्या देण्यासाठी देशोदेशीच्या डॉक्टरांना फोन लावले आणि औषधांचे पैसे घेतले नाहीत. दूरध्वनी कंपनीने रस्त्यालगत मेजे मांडून फुकट फोनची सोय केली. विमानांच्या पोटात कुत्री, मांजरे आणि अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयाकडे निघालेली बोनोबो वानरांची एक जोडीही होती. प्राणिप्रेमी स्वयंसेवकांनी सामानाच्या राशींतून सरपटत जाऊन त्यांना अन्नपाणी पोचवले.

या व्यवस्थेतील एक बाब सहज नजरेतून सुटते, पण पुढच्या मैत्रीच्या दृष्टीने ती निर्णायक ठरली. एका विमानातील प्रवाशांना शक्यतो एकत्र ठेवण्यात आले. हेतू साधा होता, उड्डाणाची वेळ ठरली की माणसे गोळा करणे सोपे जावे; परंतु परिणाम असा झाला की ज्या माणसांना विमानाने एकमेकांशेजारी बसवूनही अनोळखी ठेवले होते त्यांचा एक जथा बनला, आणि विमानाचा क्रमांक ही त्या जथ्याची खूण झाली. महाराष्ट्रातील वाचकाला येथे दिंडीची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि ही तुलना केवळ सोयीची नाही. यात्रांचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी नेहमीच्या सामाजिक उतरंडीतून काही काळ सुटलेल्या माणसांमध्ये जी समपातळीवरची जवळीक निर्माण होते तिच्यासाठी ‘कम्युनिटास’ हा लॅटिन शब्द रूढ केला, आणि यात्रेच्या संदर्भात ही कल्पना मांडताना त्यांनी ज्या लेखनाचा आधार घेतला त्यात इरावती कर्वे यांच्या पंढरीच्या वाटचालीवरील लेखाचा इंग्रजी अनुवाद होता. कर्व्यांचा मूळ मराठी लेख ‘परिपूर्ती’ या संग्रहात आहे. तथापि कर्व्यांनी त्या वाटचालीतील जवळिकीबरोबरच एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा यांची जेवणे वेगळी होतात हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले होते. वाट एक झाली म्हणून पंगत एक होतेच असे नाही, ही त्यांची खंत टर्नर यांच्या सिद्धांताला घातलेली मुरडच आहे.

गँडरच्या कथेलाही ही मुरड घालावी लागते. या घटनांवर ‘कम फ्रॉम अवे’ नावाचे संगीतनाटक आयरीन सँकॉफ आणि डेव्हिड हाइन या कॅनडातील दांपत्याने लिहिले. 2011 साली, दहाव्या स्मृतिदिनाच्या वेळी, ते दोघे गँडरला जाऊन राहिले आणि गावकरी व परत आलेले प्रवासी यांच्याशी बोलले. त्या नाटकात एका मुस्लिम प्रवाशाकडे बाकीचे संशयाने पाहतात, आणि परत विमानात चढण्यापूर्वी त्याची अपमानास्पद झडती होते. नाटककारांनी तो प्रसंग गाळला नाही हे त्यांच्या बाजूने सांगण्याजोगे आहे. त्याच नाटकात इंग्रजी न समजणाऱ्या, भेदरलेल्या आफ्रिकी प्रवाशांशी बोलायचे कसे या पेचात सापडलेला बसचालक त्यांच्या हातातील बायबल पाहतो आणि एका वचनाचा अध्याय व ओळ काढून दाखवतो, कारण भाषा कोणतीही असली तरी क्रमांक तोच असतो. गीतेचा अध्याय-श्लोक किंवा ज्ञानेश्वरीचा ओवी-क्रमांक सांगून बोलणाऱ्यांच्या देशात ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. ‘कम फ्रॉम अवे’ हा न्यूफाउंडलँडच्या बोलीतील रोजचा शब्दप्रयोग असून त्याचा अर्थ बेटाबाहेरून आलेला, थोडक्यात उपरा, असा होतो. त्यात किंचित टोमणा असतो. नाटक मार्च 2017 मध्ये ब्रॉडवेवर आले आणि त्या वर्षी दिग्दर्शनाचा टोनी पुरस्कार त्याला मिळाला. बारा नट गावकरीही होतात आणि प्रवासीही. टोपी बदलली की यजमानाचा पाहुणा होतो, आणि विषयाचे मर्म या एका योजनेने जितके पकडले आहे तितके गाण्यांनीही पकडलेले नाही.

न्यूफाउंडलँडमध्ये पाहुणा होण्याची पाळी कोणावरही येऊ शकते ही जाणीव समुद्राने दिलेली आहे. खडकाळ किनारा, दाट धुके आणि फुटणारी जहाजे यांच्यासोबत राहणाऱ्या लोकांत वाचलेल्या खलाशाला घरात घेणे हा उपकार नसून रीत असते. फेब्रुवारी 1942 मध्ये अमेरिकी नौदलाची ‘ट्रक्स्टन’ आणि ‘पोलक्स’ ही जहाजे वादळात बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळली; 203 माणसे गेली आणि 186 वाचली, ती सेंट लॉरेन्स आणि लॉन या गावांतील खाणकामगार व कोळ्यांनी कड्यांवरून दोरांनी वर ओढल्यामुळे. वाचलेल्यांपैकी लॅनियर फिलिप्स हे कृष्णवर्णीय खलाशी होते. वर्णभेदाच्या जॉर्जियात वाढलेल्या फिलिप्स यांना गोऱ्या घरात बिछाना मिळाला, आणि तेलाने माखलेल्या खलाशांना धुणाऱ्या बाईंनी त्यांचा काळा रंगही तेलाचाच समजून घासण्याचा प्रयत्न केला. खरी गोष्ट कळल्यावरही वागणुकीत फरक पडला नाही. पुढे सेल्माच्या नागरी हक्क मोर्चात सामील झालेले फिलिप्स आपल्या आयुष्याला मिळालेल्या वळणाचे श्रेय जन्मभर त्या गावाला देत राहिले. ऑगस्ट 1986 मध्ये दोन उघड्या जीवनरक्षक नौकांत भरकटलेले श्रीलंकेचे 155 तमिळ निर्वासित गस डाल्टन या नाखव्याला याच किनाऱ्याजवळ सापडले आणि कोळ्यांनी त्यांना आपल्या होड्यांवर घेतले. गँडरच्या धावपट्टीवर उभी असलेली 38 विमाने म्हणजे त्या लोकांच्या दृष्टीने किनाऱ्याला लागलेली 38 गलबतेच होती. 1992 मध्ये कॉड माशाच्या मासेमारीवर बंदी आल्यापासून बेटावर हजारो माणसांचा रोजगार गेलेला होता; पाहुणचार करणारी ही माणसे सधन नव्हती, हेही विसरून चालत नाही.

निघताना प्रवाशांनी देऊ केलेले पैसे बहुतेक यजमानांनी नाकारले. देणगीची परतफेड करू न देणे हे घेणाऱ्याला जड जाते, आणि फ्रँकफर्टहून अटलांटाला निघालेल्या डेल्टाच्या पंधरा क्रमांकाच्या विमानातील प्रवाशांनी त्यावर परतीच्या उड्डाणातच तोड काढली: ज्या लुइसपोर्टने त्यांना ठेवून घेतले तेथील शाळेतल्या मुलांना पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यायची. विमान उतरण्यापूर्वी काही हजार डॉलरांची वचने जमली होती. पुढे हा निधी दहा लाख डॉलरांच्या वर गेला. लुफ्तान्साने 2002 साली आपल्या एका एअरबस विमानाला ‘गँडर-हॅलिफॅक्स’ असे नाव दिले, जर्मनीबाहेरच्या गावांचे नाव विमानाला देण्याची त्या कंपनीची ती पहिलीच वेळ होती.

व्यक्तिगत मैत्रीच्या कहाण्यांपैकी एक लग्नापर्यंत पोचली. लंडनहून ह्यूस्टनला निघालेल्या विमानातील एक इंग्रज गृहस्थ आणि टेक्सासची एक बाई यांची विमानात गाठ पडली नव्हती. ती पडली गॅम्बोच्या निवाऱ्यात, ब्लँकेटसाठी लावलेल्या रांगेत. वर्षभरात दोघांचे लग्न झाले आणि मधुचंद्रासाठी ती दोघे न्यूफाउंडलँडलाच परतली. इकडे गँडरच्या शाळेत, जेथे एका रब्बींसाठी यहुदी आहारनियमांनुसार वेगळे स्वयंपाकघर मांडले गेले होते, तेथे गावातील एक वृद्ध आले आणि आपला जन्म यहुदी घरात झाल्याचे, लहानपणापासून झाकून ठेवलेले सत्य त्यांनी त्या रब्बींना सांगितले. झिमेल यांचा परका माणूस याहून नेमका भेटणे कठीण. फक्त येथे मन मोकळे करणारा प्रवासी नव्हता, गावकरी होता.

माजी सैनिकांच्या सभागृहात आयर्लंडहून न्यूयॉर्कला परतणारे एक वृद्ध दांपत्य होते. त्यांचा मुलगा न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात होता आणि हल्ल्यात तेथील जुळे मनोरे कोसळल्यापासून त्याचा पत्ता नव्हता. तेथे स्वयंसेवक म्हणून राबणाऱ्या एका स्थानिक बाईचा मुलगाही गँडरच्या अग्निशमन पथकात होता. एवढा धागा त्या दोघींना पुरला. आई पुन्हा पुन्हा घरी फोन लावी आणि ही बाई शेजारी बसून राही, चर्चमध्ये सोबत जाई, मधूनच एखादा विनोद सांगून तिला हसवी. मुलगा वाचला नव्हता, हे आई न्यूयॉर्कला पोचल्यानंतर कळले. त्यानंतर फोन उलट्या दिशेने वाजू लागला, न्यूयॉर्कहून गँडरला आणि गँडरहून न्यूयॉर्कला, आणि त्या दोघींची मैत्री पुढे वर्षानुवर्षे टिकली.